ताकामिने, हिदेको

ताकामिने, हिदेको : (२७ मार्च १९२४–२८ डिसेंबर २०१०). विख्यात जपानी चित्रपट-अभिनेत्री व लेखिका. मूकपटांच्या काळात वयाच्या पाचव्या वर्षी बालनटी म्हणून पदार्पण करून तिने १९७९ पर्यंत, म्हणजे सुमारे पन्नास वर्षे, पडद्यावर काम केले. बालकलावंत म्हणून लोकप्रिय झालेल्या मुलामुलींची कारकीर्द बहुधा वयात येताना संपुष्टात येते. ताकामिने ह्या नियमास ठळक अपवाद ठरली. बालनटी, किशोरवयीन तारका, गायिका आणि अखेर गंभीर भूमिका करणारी श्रेष्ठ अभिनेत्री अशी तिची स्थित्यंतरे प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत घडली. त्यामुळे तिच्या जीवनकथेत जपानी चित्रपटसृष्टीच्या अर्धशतकाचा इतिहास ओघानेच येतो. कुटुंबाच्या चरितार्थासाठी राबणाऱ्या बालकलावंतास प्रसिद्धीची कोणती किंमत मोजावी लागते, हेही तीवरून कळते.

जन्म व दत्तकविधान : तिचा जन्म उत्तर जपानमधील होक्काइदो बेटावरील हाकोदाते ह्या बंदराच्या शहरी झाला. तिचे माहेरचे आडनाव हिरायामा. आजोबांचा उपाहारगृहाचा व्यवसाय होता. हिदेको चार-पाच वर्षांची असताना तिची आई क्षयरोगाने वारली आणि शिगे नावाच्या आत्याने तिला दत्तक घेऊन टोकिओस नेले. ही आत्या एके काळी ‘बेन्शी’ म्हणून काम करीत असे. मूकपट चालू असताना पडद्याशेजारी उभे राहून कथा सांगणाऱ्या व पात्रांचे संवाद बोलणाऱ्या निवेदकास जपानमध्ये बेन्शी म्हणत. हा व्यवसाय प्रामुख्याने पुरुषांचा होता. आत्याने त्यासाठी धारण केलेले नाव ‘ताकामिने हिदेको’ असे होते. तेच पुढे भाचीचे व्यावसायिक नाव झाले. (जपानी प्रथेनुसार आडनाव प्रथम येते.)

बालनटी : १९२९ मध्ये दत्तक पित्याबरोबर हिदेको शोचिकू ह्या चित्रपटसंस्थेचा टोकिओतील कामाता येथील स्टुडिओ पाहावयास गेली. त्या दिवशी तेथे हाहा (म. शी. आई) ह्या चित्रपटासाठी लहान मुलींची निवड चालू होती. दत्तक पित्याने तिलाही रांगेत उभे केले आणि दिग्दर्शक नोमुरा होतेई ह्याने तिचीच निवड केली. चित्रपट लोकप्रिय झाला आणि शोचिकूने तिला कायम नोकरीवर घेतले.

जपानी नाट्यपरंपरेत बालकलावंतास (कोयाकू) जुने स्थान आहे. काबुकीमध्ये नटघराण्यातील मुले अगदी लहान वयात रंगभूमीवर येतात. मात्र ती घराण्यातच शिकतात व वाढतात. चित्रपटातील बालनटाची स्थिती वेगळी होती. तो मासिक वेतनावरचा नोकर असे आणि संस्था सांगेल त्या चित्रपटात, सांगेल ती भूमिका त्याला करावी लागे. १९३० च्या सुमारास प्रमुख संस्था दर आठवड्यास नवे चित्रपट देत. अशा वेगाने चालणाऱ्या कामात एका चुणचुणीत व पाठांतरात पक्क्या मुलीस उसंत मिळणे अशक्य होते. हिदेकोने मुलींच्या भूमिकांबरोबर केस बारीक कापून मुलांच्याही भूमिका केल्या. ओझू यासुजिरोच्या तोक्यो नो कोरसु (१९३१, म. शी. टोकिओचे समूहगान) ह्या मूकपटात नोकरी गमावलेल्या कारकुनाची मुलगी तिने रंगविली. पुढे तिला ‘जपानची शर्ली टेंपल’ असे म्हणण्यात येऊ लागले. कालानुक्रम पाहता ही उपाधी उलटी आहे, कारण शर्ली टेंपल ही अमेरिकन बालनटी १९२८ मध्ये जन्मली आणि १९३४ मध्ये प्रसिद्धीस आली. तोवर हिदेकोच्या कामास पाच वर्षे होत आली होती.

ह्या यशाची दुसरी बाजू शाळेशी संबंधित होती. चित्रीकरण रात्री-अपरात्री चाले व बाहेरगावी जाणे वारंवार घडे. त्यामुळे तिची प्राथमिक शाळेतील हजेरी नाममात्र राहिली. शाळेतील एक शिक्षक तिच्यासाठी बालमासिके व चित्रांची पुस्तके आणून देत. त्यांच्या आधारे तिने अक्षरओळख करून घेतली, असे तिने पुढे कृतज्ञतेने नमूद केले आहे. मार्च १९३४ मध्ये हाकोदाते शहर प्रचंड आगीत भस्मसात झाले. हिरायामा कुटुंबाचे सर्वस्व गेले आणि आजोबांसह नातेवाइकांनी टोकिओची वाट धरली. दहा वर्षांच्या मुलीच्या मिळकतीवर आता एक नव्हे, तर दोन कुटुंबे अवलंबून राहिली. शोजी तारो ह्या ख्यातनाम गायकाने तिला दत्तक घेण्याची इच्छा दर्शविली व काही काळ ती त्याच्या घरी राहिलीही. तथापि ही व्यवस्था टिकली नाही.

किशोरवयीन तारका : १९३७ मध्ये तिने शोचिकू सोडून पी. सी. एल. ह्या संस्थेत प्रवेश केला. त्याच वर्षी ही संस्था तोहो ह्या नव्या कंपनीत विलीन झाली. अधिक वेतनाइतकेच शाळेत जाऊ देण्याचे आश्वासनही ह्या बदलास कारणीभूत होते. त्यानुसार तिने टोकिओतील बुंका गाकुइन ह्या विद्यालयात नाव घातले. मात्र चित्रीकरण व अभ्यास ह्यांचा मेळ बसेना. लवकरच तिला विद्यालय सोडावे लागले आणि तिचे औपचारिक शिक्षण तेथेच संपले.

तोहोमध्ये यामामोतो काजिरो ह्या दिग्दर्शकाने तिच्यातील अभिनेत्री ओळखली. त्सुझुरिकाता क्योशित्सु (१९३८, म. शी. निबंधलेखनाचा वर्ग) हा चित्रपट तोयोदा मासाको ह्या गरीब कारागिराच्या शाळकरी मुलीने लिहिलेल्या निबंधांवर आधारलेला होता. नाटकी हावभाव टाळून दारिद्र्यातील दैनंदिन जीवन रंगविणारी ही भूमिका तिच्या बालपणाची सांगता करणारी ठरली. उमा (१९४१, म. शी. घोडा) मध्ये तिने शिंगरू जिवापाड वाढविणाऱ्या व अखेर ते सैन्यास द्यावे लागणाऱ्या शेतकरी मुलीची भूमिका केली. ईशान्य जपानमधील चारही ऋतूंत झालेल्या ह्या चित्रणाची बरीचशी जबाबदारी साहाय्यक दिग्दर्शक कुरोसावा आकिरा ह्याने सांभाळली. ह्या काळात दोघांत निर्माण झालेला स्नेह दत्तक आईच्या विरोधामुळे तुटला. तिचा पैसा, तिचा वेळ व तिची मैत्री ह्या सर्वांवर दत्तक आईचे नियंत्रण होते. ह्या संबंधातील प्रेम आणि कटुता ह्यांचे सरमिसळ चित्र तिने आपल्या आत्मचरित्रात निःसंकोचपणे रेखाटले आहे.

त्याच वर्षी हिदेको नो शाशो-सान (म. शी. बसवाहक हिदेको) हा छोटेखानी चित्रपट नारुसे मिकिओ ह्या दिग्दर्शकाने तिला घेऊन काढला. खुद्द नटीचेच नाव चित्रपटाच्या शीर्षकात यावे, इतकी तिची लोकप्रियता होती. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांचे मनोरंजन करण्यासाठी तिला दौऱ्यावर पाठविण्यात आले. सैनिक तिची छायाचित्रे जवळ बाळगीत. ऑगस्ट १९४५ मध्ये जपानने शरणागती पतकरली, तेव्हा ती तातेयामा येथे एका युद्धविषयक चित्रपटाच्या चित्रीकरणात होती. तो चित्रपट अपुराच राहिला. लवकरच ती टोकिओत अमेरिकन सैनिकांसमोर इंग्रजी गाणी गाऊ लागली. काही महिन्यांपूर्वीचे शत्रू हे आताचे श्रोते झाले होते. ह्या अनुभवाने आलेला अंतर्मुखपणा तिच्या पुढील भूमिकांतून जाणवतो.

स्वतंत्र कलावंत : युद्धोत्तर काळात तोहोमध्ये कामगारांचे मोठे संप झाले. १९४६ च्या संपाच्या वेळी युनियनपासून अलग झालेल्या दहा प्रमुख नटनट्यांत ताकामिनेही होती. ह्या गटाच्या साहाय्याने १९४७ मध्ये शिन्तोहो (नवी तोहो) ही संस्था निघाली. तेथील गिन्झा कानकान मुसुमे (१९४९) ह्या संगीतप्रधान चित्रपटातील, हात्तोरी र्‍योइची ह्याने संगीतबद्ध केलेले व तिने गायिलेले शीर्षकगीत अतिशय गाजले. ओझूच्या मुनेकाता क्योदाई (१९५०, म. शी. मुनेकाता भगिनी) मध्ये तिने जुन्या वळणाच्या थोरल्या बहिणीहून भिन्न अशी, पाश्चात्त्य वेश करणारी व मोकळेपणाने वागणारी धाकटी बहीण उभी केली.

१९५० मध्ये तिने शिन्तोहो सोडली व कोणत्याही संस्थेशी कायमचा करार न करण्याचे ठरविले. ह्या निर्णयाचे महत्त्व लक्षात येण्यासाठी तत्कालीन व्यवस्था ध्यानात घ्यावी लागते. चित्रपटनिर्मिती, वितरण आणि चित्रपटगृहे ही सर्व मोजक्या बड्या संस्थांच्या हाती होती व नटनटी त्यांचे पगारी नोकर होते. सप्टेंबर १९५३ मध्ये शोचिकू, तोहो, दाइएई, शिन्तोहो व तोएई ह्या पाच संस्थांनी परस्परांचे कलावंत न पळविण्याचा करार केला. त्यामुळे ही बंधने अधिकच आवळली गेली. ताकामिने मात्र त्यापूर्वीच मुक्त झालेली असल्याने वेगवेगळ्या संस्थांत, स्वतः निवडलेल्या दिग्दर्शकांबरोबर काम करू शकली. तिच्या उत्तम भूमिकांची मालिका ह्या निर्णयानंतर सुरू होते, हा योगायोग नव्हे. ज्या मुलीला पाचव्या वर्षापासून भूमिका नेमून दिल्या जात होत्या, ती सव्विसाव्या वर्षी प्रथमच भूमिका नाकारण्यास मोकळी झाली.

किनोशिता केइसुके ह्याच्या कारुमेन कोक्यो नि काएरु (१९५१, म. शी. कार्मेन गावी परतते) ह्या विनोदी चित्रपटात तिने टोकिओत विवस्त्र-नृत्ये करणाऱ्या, पण स्वतःला थोर कलावंत समजणाऱ्या भाबड्या नर्तकीची भूमिका केली. जपानमध्ये तयार झालेला हा पहिला पूर्ण लांबीचा रंगीत चित्रपट होय. देशी रंगीत फिल्मला प्रखर प्रकाश लागत असल्याने बहुतेक चित्रण आसामा ज्वालामुखीच्या परिसरात उघड्यावर करण्यात आले. प्रयोग फसल्यास हाताशी असावी म्हणून कृष्णधवल आवृत्तीही वेगळी चित्रित करण्यात आली. म्हणजेच नटांना प्रत्येक दृश्य दोनदा वठवावे लागले. चित्रपट प्रदर्शित झाल्यावर ताकामिने एकटीच पॅरिसला गेली व सुमारे सहा महिने तेथे अनोळखी म्हणून राहिली. बालपणापासून सतत लोकांच्या नजरेत असलेल्या तिला हे अज्ञातवासाचे सुख प्रथमच लाभले.

श्रेष्ठ भूमिका : किनोशिताच्या निजुशि नो हितोमी (१९५४, म. शी. चोवीस डोळे) ह्या चित्रपटाने तिला राष्ट्रव्यापी आदर मिळवून दिला. त्सुबोई साकाए ह्या लेखिकेच्या कादंबरीवर आधारलेली ही कथा शोदोशिमा बेटावर १९२८ ते १९४६ ह्या काळात घडते. सायकलवरून शाळेत येणारी तरुण शिक्षिका ओइशी व तिच्या पहिल्या वर्गातील बारा मुले ह्यांच्या आयुष्याची युद्ध व दारिद्र्य ह्यांनी केलेली वाताहत तीत आहे. मुलांची वाढ खरी वाटावी म्हणून एकमेकांसारखे दिसणारे सख्खे भाऊ व बहिणी निवडून लहान व मोठ्या वयाच्या भूमिका त्यांना देण्यात आल्या. वर्गातील एका मुलीला घरच्या गरिबीमुळे शाळा सोडून परगावी खानावळीत राबावे लागते आणि शिक्षिकेची तिच्याशी अवचित गाठ पडते. हा ह्या चित्रपटातील अत्यंत हृदयस्पर्शी प्रसंग होय. जिला स्वतःला शाळा लाभली नाही, त्या अभिनेत्रीने उभी केलेली ही शिक्षिका जपानी प्रेक्षकांच्या मनात आदर्श ठरली. किनेमा जुम्पो ह्या प्रतिष्ठित नियतकालिकाने त्या वर्षाच्या उत्कृष्ट जपानी चित्रपटांत ह्यास पहिले स्थान दिले. कुरोसावाचा शिचिनिन नो सामुराई (म. शी. सात सामुराई) त्याच यादीत तिसरा होता.

पुढच्याच वर्षी नारुसेचा उकिगुमो (१९५५, म. शी. तरंगते ढग) प्रदर्शित झाला व त्यासही तेच स्थान मिळाले. हायाशी फुमिको ह्या लेखिकेच्या कादंबरीतील युकिको युद्धकाळात फ्रेंच इंडोचायनात एका विवाहित अधिकाऱ्याच्या प्रेमात पडते. ती युद्धोत्तर टोकिओच्या भग्नावशेषांत त्याचा शोध घेते आणि वारंवार वंचना होऊनही त्यास सोडीत नाही. मोरी मासायुकी ह्या नटासमवेत ताकामिनेने केलेली ही भूमिका तिच्या अभिनयाचा उच्चांक मानली जाते. हिच्यासाठी तिला किनेमा जुम्पोचा उत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार लाभला. हा पुरस्कार त्याच वर्षी प्रथम देण्यात आला.

नारुसेबरोबर तिने एकूण सतरा चित्रपट केले. इनाझुमा (१९५२, म. शी. वीज), नागारेरु (१९५६, म. शी. वाहता प्रवाह), ओन्ना गा काइदान ओ आगारु तोकी (१९६०, म. शी. स्त्री जिना चढते तेव्हा), होरोकी (१९६२, म. शी. भटकंतीची नोंदवही) व मिदारेरु (१९६४, म. शी. मनाची घालमेल) हे त्यांपैकी विशेष उल्लेखनीय होत. नारुसे अतिशय मितभाषी होता. तो नटांना क्वचितच सूचना देई आणि पटकथेतील संवाद शक्य तेवढे कमी करी. जे शब्दांत सांगावयाचे, ते नजरेने, पाठ फिरविण्याने वा चालण्याच्या गतीने व्यक्त व्हावे, ही त्याची अपेक्षा ताकामिनेने पूर्ण केली. स्त्री जिना चढते तेव्हा ह्यात ती टोकिओच्या गिन्झा भागातील एका मद्यगृहाची विधवा व्यवस्थापिका आहे. मनाविरुद्धच्या कामासाठी रोज सायंकाळी जिना चढताना तिच्या मुद्रेवर उमटणारे व क्षणात हास्याखाली झाकले जाणारे भाव हा ह्या चित्रपटाचा गाभा आहे. ह्या चित्रपटाची वेशभूषाही तिनेच केली. अखेरच्या आजारात नारुसेने पांढऱ्या पार्श्वभूमीवर, नेपथ्य व रंग ह्यांविना, केवळ तिच्या अभिनयावर उभा राहणारा चित्रपट काढण्याची इच्छा व्यक्त केली होती. १९६९ मध्ये त्याच्या निधनामुळे ती अपुरी राहिली.

विवाह व उत्तरायुष्य : मार्च १९५५ मध्ये तिने किनोशिताचा साहाय्यक मात्सुयामा झेन्झो ह्याच्याशी विवाह केला. तो तेव्हा फारसा प्रसिद्ध नव्हता. पुढे तो नामवंत पटकथाकार व दिग्दर्शक झाला. विवाहानंतर नटीने पडदा सोडावा, असा तेव्हाचा प्रघात होता. तो बाजूला सारून ताकामिनेने काम चालू ठेवले. मात्सुयामाने दिग्दर्शित केलेल्या ना मो नाकु माझुशिकु उत्सुकुशिकु (१९६१, म. शी. अनाम, गरीब, तरीही सुंदर) ह्या पहिल्या चित्रपटात तिने मूकबधिर पत्नीची भूमिका हातांच्या खुणांच्या भाषेतून साकार केली. तोयोदा शिरो ह्याच्या कोकोत्सु नो हितो (१९७३) मध्ये स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्ध सासऱ्याची शुश्रूषा करणारी सून तिने रंगविली. किनोशिताच्या १९७९ मधील एका चित्रपटानंतर तिने अभिनयसंन्यास घेतला व तो अखेरपर्यंत पाळला.

ह्यानंतरचे तिचे आयुष्य लेखनात गेले. वाताशी नो तोसेई निक्की (१९७६, म. शी. माझ्या चरितार्थाची रोजनिशी) ह्या आत्मचरित्रास जपानच्या निबंधकार-मंडळाचा पुरस्कार लाभला. प्रवास, पाककला, जुन्या वस्तू व समकालीन कलावंत ह्यांविषयीही तिने लिहिले. विनोदी, रोखठोक व स्वतःचीही गय न करणारी तिची शैली शाळेचा आधार नसताना केवळ वाचनातून घडली होती. टोकिओ येथे फुप्फुसाच्या कर्करोगाने तिचे निधन झाले.

मूल्यमापन : ताकामिनेनंतरच्या काळात बालकलावंतांची वाट बदलली. १९४७ च्या श्रमविषयक कायद्याने जपानमध्ये मुलांना नोकरीवर ठेवण्यास सामान्यतः मनाई केली. बारा वर्षांखालील मुलांस केवळ चित्रपट व नाट्यप्रयोग ह्यांत, तेही शाळेच्या वेळेबाहेर व शासकीय परवानगीने काम करण्याची मुभा ठेवली आणि त्यांच्या रात्रीच्या कामावर निर्बंध घातले. दूरचित्रवाणीच्या प्रसारानंतर मासिके व जाहिराती हे नवे प्रवेशद्वार ठरले. उदा., मियाझावा रिए ही अकराव्या वर्षी मॉडेल म्हणून पुढे आली, १९८८ मध्ये तिचे चित्रपटात पदार्पण झाले आणि तासोगारे सेइबेई (२००२, म. शी. तिन्हीसांजेचा सेइबेई) मधील भूमिकेने ती श्रेष्ठ अभिनेत्रींत गणली जाऊ लागली. साधने बदलली, तरी गोजिरवाण्या चेहऱ्याची लोकप्रियता आणि स्वतंत्र कलावंताचे सामर्थ्य ह्यांतील अंतर कसे तोडावयाचे, हा मूळ प्रश्न तोच राहिला. ताकामिनेचे वैशिष्ट्य हे, की तिने हे अंतर प्रेक्षकांना बालपणाची आठवण विकून तोडले नाही. बालवयात लादलेल्या कामातून मिळालेली शिस्त व तांत्रिक सफाई तिने जपली. मात्र नियंत्रणाचे दोर एकेक करून स्वतःच्या हाती घेतले. तिच्या नायिका बहुधा कष्टाने पोट भरणाऱ्या, फसविल्या गेलेल्या, तरीही न मोडणाऱ्या स्त्रिया आहेत. त्यांच्यात युद्धोत्तर जपानमधील असंख्य स्त्रियांनी स्वतःस पाहिले, आणि ह्यातच तिच्या दीर्घकाळ टिकलेल्या कीर्तीचे मर्म आहे.